मामींची नळी

धुळे, २४ नोव्हेंबर २०२५

ती. लीलाधरमामांना नमस्कार, आणि सुमनमामींना त्याहून थोडा जास्त.

"जे काय असेल ते लिहून पाठव, वाचून मग हो-नाही सांगतो," असं तुम्ही फोनवर म्हणालात. टपाल खात्यात छत्तीस वर्षं काढलेला माणूस दुसरं काय म्हणणार? म्हणून लिहिते.

आमच्या प्रयोगशाळेत एक अभ्यास सुरू झाला आहे. फ्लू, कोरोना असले श्वासाचे विषाणू शोधायला आपण नाकात काडी घालतो. त्याऐवजी नुसती लाळ तपासली तर चालेल का, एवढंच बघायचं आहे. त्यासाठी छातीचं जुनं दुखणं असलेली वयस्क माणसं हवी आहेत, आणि त्यांच्याबरोबर राहणारं कुणीतरी. आजार असो नसो, दर सोमवारी लाळ द्यायची.

मामींचं नाव मीच घातलं. गेल्या डिसेंबरात त्या जळगावला नऊ दिवस दवाखान्यात होत्या, त्यातले चार ऑक्सिजनवर. तिथले डॉक्टर तुमच्या हेमराजदादाला काय म्हणाले ते माझ्या डोक्यातून जात नाही. फ्लू आहे हे ताप आल्यापासून दोन दिवसांत कळलं असतं तर गोळ्यांवर भागलं असतं, आता पुढच्या वेळी उशीर केलात तर मी काही सांगू शकत नाही, असं म्हणाले होते. नाकातली काडी मामी घेऊ देत नाहीत, कोरोनात त्यांच्या नाकातून रक्त आलं होतं. मग लाळच उरते.

सोबत थर्माकोलचा डबा, बर्फाच्या पिशव्या आणि नळ्या आहेत. सकाळी उठल्यावर तोंड धुण्याआधी, चहाच्या आधी, नळीत खुणेपर्यंत लाळ जमवायची. खाकरून काढलेला बेडका नको. प्रत्येकाची नळी वेगळी, नाव आधीच चिकटवलं आहे. डबा पहूरहून एसटीने जळगावला, तिथे हेमराजदादा मेहरूणच्या घरून स्टँडवर येईल आणि धुळ्याच्या गाडीत ठेवेल. मामा, हो म्हणा.

तुमची,
मोहिनी


पहूर, १ डिसेंबर २०२५

चि. मोहिनीस पोस्टमास्तरमामाचे आशीर्वाद, तिकीट न लावता.

हो म्हटलं. डबा घेऊन ही चिठ्ठीही येते आहे. मोबाईलवर लिहायला माझा अंगठा जाड पडतो, आणि डबा दर सोमवारी जाणारच आहे तर त्याच्या झाकणाला पाकीट चिकटवायला काय हरकत आहे?

आधी मला एक सांग. तू सगळीकडे लाळ लिहिलं आहेस. आमच्याकडे लाळ गळते ती कुत्र्याची, नाहीतर दात येणाऱ्या पोराची. मोठ्या माणसाची ती थुंकी. शेजारच्या जीवरामभाऊंना मी सांगितलं की माझी लाळ धुळ्याला चालली, तर ते म्हणाले, "मास्तर, इतकं काय आवडलं तुम्हाला धुळ्यात?" तेव्हा शब्द बदल, नाहीतर गावात तुझा अभ्यास चालायचा नाही.

थुंकीचं आणि माझं नातं तसं जुनं आहे. खात्याने तिकिटं चिकटवायला ओला स्पंज दिला होता. पण पहूरच्या उन्हाळ्यात तो दहा वाजेपर्यंत वाळून जायचा, आणि मग जीभच कामाला यायची. माझी थुंकी मुंबई, सुरत, नागपूर, कुठे कुठे गेली असेल. तपासायला मात्र आजच चालली आहे.

सकाळी सहाला कार्यक्रम सुरू केला. तुझा कागद चष्मा लावून दोनदा मोठ्याने वाचला. तुझ्या मामीला पलंगावर बसवलं, समोर खुर्ची टाकून मी बसलो, हातात घड्याळ. काम कसं रीतसर झालं पाहिजे. माझी नळी चार मिनिटांत भरली. तिला वेळ लागला. "माले थुंकी येत नही," म्हणत राहिली. तुझी मामी शिंदखेड्याकडची, अडचणीत सापडली की माहेरची अहिराणी बोलते. मी तिच्यासमोर चिंच धरली, लिंबू धरलं, खाऊ दिलं नाही, कागदात मनाई आहे. शेवटी दोन्ही नळ्या खुणेपर्यंत भरून पाठवल्या आहेत.

एक शंका. तुमच्या यंत्राला थुंकी कुणाची ते कळतं का? सहज विचारतो.

तुझा,
लीलाधरमामा


धुळे, २ डिसेंबर २०२५

ती. मामांना आणि मामींना, दोघांनाही सारखाच नमस्कार. मागच्या वेळच्या "थोडा जास्त"वरून तुम्ही काही बोलला नाहीत, पण मला ओळखता येतं.

दोन्ही नळ्यांत एकही विषाणू सापडला नाही. छान.

रिकाम्या डब्यातून उत्तर पाठवते आहे. तुमची शंका मला फार आवडली. आमचं यंत्र आधी नळीत माणसाच्या पेशी आहेत का ते बघतं, म्हणजे कुणी पाणी भरून पाठवलं तर लगेच कळतं. पण माणूस कोणता, ते ते सांगत नाही. नळीवरच्या नावावर आम्ही विश्वास ठेवतो.

तुम्हाला माहीत आहे का, माणसाच्या तोंडात दिवसाला लिटरभर लाळ, म्हणजे थुंकी, तयार होते. आपण ती गिळतो म्हणून कळत नाही. घशाच्या मागे विषाणू वाढले की ते तिच्यात उतरतात. नाकात पोहोचायच्या आधी काहींच्या तोंडात सापडतात, काहींच्या बाबतीत उलटं होतं. असं का, हे कुणालाच नीट ठाऊक नाही. मला तर आता बसमध्ये कुणी खिडकीतून थुंकलं की राग यायच्या आधी वाटतं, वाया गेली.

आता एक खासगी गोष्ट. तुमच्या नळीत तपकिरी झाक होती, ते समजलं. तंबाखू. चुन्याने आमची तपासणी बिघडू शकते, तेव्हा सोमवारी सकाळी तंबाखू बंद. पण मामींच्या नळीतही अगदी तीच झाक होती. मामी गुपचूप मिसरी लावतात की काय? मी त्यांना विचारत नाही, तुम्हीच बघा.

मोहिनी


पहूर, ८ डिसेंबर २०२५

चि. मोहिनीस,

मिसरीचं तू ओळखलंस. बायकांचं काय सांगावं, मोरीत गेल्या की आपल्याला काय दिसतं? तिला विचारू नकोस, लाजेल. मी माझ्या पद्धतीने सांगितलं आहे. या वेळी दोन्ही नळ्या स्वच्छ असतील. मी काल जेवल्यापासून तंबाखूची डबी कोनाड्यात ठेवली आहे आणि तोंडाला काही सुचत नाही.

गावात तुझ्या अभ्यासाचा बोलबाला आहे. जीवरामभाऊ विचारत होते की रागात थुंकलेली आणि नुसती थुंकलेली यांत यंत्राला फरक दिसतो का. तानुबाई म्हणतात, सकाळची शिळ्या तोंडाची थुंकी गळवावर लावली की गळू बसतं, ती तुम्ही धुळ्याला का देता. उत्तर तू दे.

मामीची तब्येत बरी आहे. दम्याचा पंप दोन वेळा घेते. थंडी सुरू झाली आहे, मी तिला कापसाच्या ढिगाजवळ जाऊ देत नाही. गेल्या वर्षीचं मी विसरलेलो नाही. तू लिहिलंस त्याआधीपासून विसरलेलो नाही.

लीलाधरमामा


धुळे, ९ डिसेंबर २०२५

ती. मामा, मामी,

पुन्हा दोन्ही नळ्या कोऱ्या, आणि रंगही स्वच्छ. मामींनी ऐकलं म्हणायचं.

तानुबाईंना सांगा, सकाळच्या थुंकीत जंतूंना अडवणारे पदार्थ खरोखर असतात. गळू बसतं का ते मात्र मी तपासलेलं नाही. आणि जीवरामभाऊंचा प्रश्न मी आमच्या प्रयोगशाळेच्या मॅडमना विचारला. त्या हसल्या, मग म्हणाल्या, रागात तोंड कोरडं पडतं, तेव्हा थुंकी कमी येईल. म्हणजे फरक दिसेल.

आता मोठी बातमी. मामी ज्या पंपावर आहेत त्या पंपाने तोंड कोरडं होतं. आमच्या यादीत मामी सोडून तसल्या अकरा बायका आहेत, आणि अकरांपैकी एकीचीही नळी खुणेपर्यंत येत नाही. कुणाची पाव, कुणाची तळाला दोन थेंब. फक्त मामींची दोन्ही वेळा बरोबर खुणेपर्यंत. मॅडमनी मला बोलावून विचारलं, या बाईंना जमतं कसं? त्यांची काय पद्धत आहे ती लिहून घे, आपण सूचनांच्या कागदात घालू. तेव्हा मामींना नीट विचारून लिहा. चिंच किती लांब धरायची, किती वेळ धरायची, सगळं. मला फार उत्सुकता आहे.

मोहिनी


पहूर, १५ डिसेंबर २०२५

चि. मोहिनीस,

डबा पाठवला आहे. पद्धतीचं म्हणशील तर विशेष काही नाही. चिंच हातभर लांब धरायची आणि मन शांत ठेवायचं. सगळ्यांना लागू पडेलच असं नाही, तेव्हा कागदात छापायची घाई करू नका.

मामीला कालपासून सर्दी आहे. परवा जामनेरला लग्नाला गेलो होतो, तिथे अर्धा मांडव खोकत होता. आज अंग किंचित कोमट लागतं. ताप म्हणण्यासारखा नाही. तुझी नळी आहेच, काय ते उद्या कळेल.

लीलाधरमामा


धुळे, १६ डिसेंबर २०२५

ती. मामा,

सकाळी फोन केलाच होता, तरी डब्यात लिहून ठेवते, म्हणजे तुमच्या फाइलला लागेल. मामींच्या नळीत काहीही नाही. फ्लू नाही, कोरोना नाही, काही नाही. काल संध्याकाळी ताप चढला असं तुम्ही म्हणालात, त्यामुळे निकाल बघून जीव भांड्यात पडला. तुमच्या पहूरच्या डॉक्टरांनाही कळवलं. ते म्हणाले, मग हा जुना दमाच उठला आहे, पंप वाढवतो, फ्लूच्या गोळ्या द्यायचं कारण नाही.

तेव्हा काळजी करू नका. फोनवर तुमचा आवाज बरा वाटला नाही. मी "मामी सुधारतील" म्हटलं तर तुम्ही नुसतं "हो" म्हणून ठेवून दिलात.

मोहिनी


पहूर, १७ डिसेंबर २०२५, सकाळी सात

मोहिनी,

काल दोनदा फोन हातात घेतला आणि दोन्ही वेळा तोंडातून निघालं नाही. म्हणून लिहितो. आजचा डबा सोमवारचा नाही. पहिल्या गाडीने पाठवतो आहे, हेमराजला स्टँडवर उभं राहायला सांगितलं आहे. सगळ्यात आधी आतली नळी तपास, मग पुढचं वाच.

तुझ्या मामीच्या नावाच्या तिन्ही नळ्यांत थुंकी माझी होती. मिसरी तिने जन्मात लावलेली नाही. तो रंग माझ्या तंबाखूचा. पद्धत वगैरे काही नाही.

पहिल्या सोमवारी अर्धा तास तिला एक थेंब आला नाही. मान खाली घालून बसली होती. मला वाटलं, नळी रिकामी गेली तर हे लोक म्हणतील नाकात काडी घाला, आणि ते रक्त मी पुन्हा बघू शकलो नसतो. मी तिच्या हातातून नळी घेतली आणि भरून टाकली. मनाला काही लागलंही नाही. शेहेचाळीस वर्षं ती माझ्या उष्ट्या ताटात जेवते. मी उठलो की त्याच ताटात वाढून घेते. मी म्हटलं, आमची थुंकी काय वेगळी? तिच्या नावाने माझी गेली तर बिघडलं कुठे? मोहिनी, मला खरोखर तसंच वाटलं. ती आजारी पडली तर नळीतून कळायचं आहे, ही एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात तेव्हा आली नाही. खात्यात कुणी दुसऱ्याच्या नावाची रजिस्ट्री सही करून घेतली असती तर मी त्याला उभं केलं नसतं.

नंतर तुझं कौतुकाचं पत्र आलं आणि माझी जीभ उचलेना. काल तू म्हणालीस तिला काही नाही, आणि माझ्यासमोर ती उशीला टेकून श्वास घेत होती. तो निकाल माझा होता. मी ठणठणीत आहे.

आज सकाळी तिला सगळं सांगितलं. ती रागावली नाही, आश्चर्यही वाटलेलं दिसलं नाही. म्हणाली, "नळी माले द्या. आनि आते तुम्ही बाहेर जा." मी ओट्यावर जाऊन बसलो. पाच-सात मिनिटांत तिने हाक मारली. नळी खुणेच्या वर भरली होती. तापाने तोंड कोरडं, पंप वाढवलेला, आणि तरी भरली. मला काही उमगलं नाही, पण ही नळी तिचीच आहे, मी शपथेवर सांगतो. माझ्या शपथेवर तू विश्वास का ठेवावास ते मला माहीत नाही. ठेव.

लीलाधर


धुळे, १८ डिसेंबर २०२५

मामा,

फोनवर मी फक्त कामाचं बोलले, कारण बाकीचं बोलले असते तर ओरडले असते.

मामींना फ्लू आहे. डबा काल दुपारी पोहोचला, पाच वाजता निकाल आला, मी त्याच क्षणी डॉक्टरांना फोन केला आणि त्यांनी सहाच्या आत पहिली गोळी दिली हे तुम्हाला माहीत आहे. ताप चढल्याला दोन दिवस पुरे व्हायला तासभर होता. एक तास, मामा. तुमची पत्रं किती मजेची आली होती. मी ती इथे सगळ्यांना वाचून दाखवत होते. मी तुमच्यावर फार रागावले आहे आणि तुम्ही खरं लिहिलंत म्हणून तुम्हाला नमस्कारही करते, दोन्ही खरं आहे.

मॅडमना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं तुमचं घर अभ्यासातून काढतील. त्यांनी आधीच्या तीन नळ्या रद्द केल्या आणि तुमचं पत्र दोनदा वाचलं. बाकीच्या अकरा बायकांच्या घरी नळी भरताना समोर कोण बसतं, ते त्यांना हवं आहे. मी म्हटलं, का? त्या म्हणाल्या, तुझ्या मामीची नळी नवरा बाहेर गेल्यावर भरली, हे तुला विचित्र वाटत नाही का? मला खरंच तोपर्यंत वाटलं नव्हतं.

मामींना बोलता येईल तेव्हा मला फोन द्या. किंवा त्यांना लिहू द्या. तुम्ही लिहू नका.

मोहिनी


पहूर, २९ डिसेंबर २०२५

मोहिनीबाई, तुला तुझ्या मामीकडून सुखाचं सगळं.

पत्र लिहायची मला सवय नाही. घरात पोस्टमास्तर असल्यावर बायको कशाला लिहिते? सातवीपर्यंत शिकले आहे, चुकलं तर समजून घे.

ताप पाचव्या दिवशी गेला. खोकला आहे. दवाखान्यात जावं लागलं नाही. हेमराज आणि सूनबाई दिपमाला गाडी घेऊन दारात दोन दिवस बसून होते, त्यांना रिकामं परत पाठवलं. तू केलंस. डॉक्टर म्हणाले, गेल्या वर्षीसारखं झालं असतं तर या वेळी छातीने साथ दिली नसती. ते ऐकून तुझे मामा बाहेर गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत. मी त्यांना माफ केलं आहे, तूही कर.

मिसरीचं मात्र केलेलं नाही. माझ्या नावाने मिसरी लिहिली.

तू फोनवर विचारलंस, मामी, तेव्हा थुंकी आली नाही आणि नंतर कशी आली? मी तेव्हा काही बोलले नाही, हे शेजारी होते. आता लिहिते. थुंकी पहिल्या सोमवारीही येत होती. पंपाने तोंड कोरडं होतं ते खरं, पण थोडी थांबले की येते. मला थुंकता येत नव्हतं.

तुला हसू येईल. तू शिकलेली, धुळ्यात नोकरी करणारी. आम्ही सासरी आलो तेव्हा सासूबाईंनी सांगितलं होतं, माणसासमोर बाईने थुंकू नये. मी चूळसुद्धा मोरीत पाठ करून भरते. खोकला आला तर पदरात. इतकी वर्षं आजारी आहे, पण बेडका यांना कधी दिसू दिला नाही. आणि हे खुर्ची टाकून माझ्या तोंडासमोर बसले, हातात घड्याळ, कागद मोठ्याने वाचतात, थुंक म्हणतात. माझा घसा बंदच झाला. त्यांना वाटलं दुखण्याने. मी म्हटलं, वाटू दे. त्यांनी माझी नळी भरली तेव्हा मी बघत होते. बरंच झालं असं वाटलं मला. म्हणजे चूक एकट्या त्यांची नाही. हे तुझ्या मॅडमना सांग.

त्या दिवशी त्यांनी खरं सांगितलं तेव्हा मला श्वास पुरत नव्हता. जीव घाबरला की माणसाला लाज उरत नाही. मी त्यांना म्हटलं, बाहेर जा. मोहिनी, शेहेचाळीस वर्षांत मी त्यांना हे दोन शब्द कधी म्हटले नव्हते. मला वाटलं काहीतरी होईल. काही झालं नाही. ते उठले, चपला घातल्या आणि गेले.

आता सोमवारी सांगावं लागत नाही. सहा वाजले की स्वतःच ओट्यावर जाऊन बसतात आणि दार लोटून घेतात. मी पलंगावर बसते. कुणी काही वाचत नाही, कुणी काही मागत नाही. खिडकीतून ऊन येतं. नळी भरायला पाच मिनिटं लागतात. ते बाहेरून विचारतात, झालं का? झालेलं असतं. मी अजून थोडा वेळ सांगत नाही.

तुझी मामी,
सुमन